नव्या तलंगा, जुने खुराडे: चौदा आठवड्यांची नोंद

आमच्या परसात गेल्या सहा वर्षांपासून गावठी कोंबड्या आहेत. आजऱ्याकडचा हा भाग पावसाचा आणि झाडीचा असल्यामुळे मुंगसाचा त्रास कायमचा आहे. २०२४ च्या मे महिन्यात एका आठवड्यात दोन कोंबड्या गेल्या, तेव्हा सहा माद्या आणि एक कोंबडा एवढेच उरले. त्यातील दोघींनी चौथे वर्ष ओलांडले होते आणि त्यांची अंडी जवळजवळ थांबली होती. नवी पिल्ले आणणे भाग होते, पण जुन्या कोंबड्यांत नवी पिल्ले मिसळण्याचा आमचा आधीचा एकमेव प्रयत्न वाईट रीतीने फसला होता. त्या वेळी बाजारातून आणलेली दोन पिल्ले सरळ खुराड्यात सोडली होती आणि तिसऱ्या दिवशी त्यांपैकी एक मेलेले सापडले. या वेळी प्रत्येक टप्प्याची तारीख, खर्च आणि काय घडले ते वहीत लिहून ठेवले. ज्यांच्या घरी हाच प्रश्न उभा आहे त्यांना उपयोग व्हावा म्हणून ती वही समोर ठेवून हे लिहीत आहे.

एक दिवसाची पिल्ले घ्यायची की महिनाभर वाढवलेली, हा पहिला निर्णय होता. एक दिवसाच्या पिल्लांना पहिल्या आठवड्यात सुमारे ३५ अंश सेल्सिअसची ऊब लागते आणि ती दर आठवड्याला साधारण ३ अंशांनी कमी करत आणावी लागते. आमच्याकडे पावसाळ्यात वीज किती वेळ जाईल याचा भरवसा नसल्याने ते मला झेपणारे नव्हते. म्हणून महिनाभराची ग्रामप्रिया जातीची पिल्ले घेण्याचे ठरवले. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने परसातल्या पालनासाठीच ही जात तयार केली आहे आणि ती मुख्यतः अंड्यांसाठी पाळतात. १२ ऑगस्टला पिल्ले वाढवून विकणाऱ्या एका केंद्रात नाव नोंदवले. आधार कार्डाची प्रत, दूरध्वनी क्रमांक आणि ५०० रुपये आगाऊ घेऊन त्यांनी पावती दिली. ऑगस्टअखेर मिळतील असे सांगितलेली पिल्ले गौरी-गणपतीच्या गडबडीत, १२ सप्टेंबरला हाती आली. बारा पिल्ले, प्रत्येकी १२० रुपये. घेताना एक कागद मात्र आग्रहाने मागून घ्यावा, तो म्हणजे लसीकरणाची नोंद. आमच्या पिल्लांना मानमोडीची (राणीखेत रोगाची) पहिली लस आणि गंबोरो या दुसऱ्या साथीच्या रोगाची लस दिल्याच्या तारखा त्यात होत्या आणि पुढचे सगळे वेळापत्रक त्या तारखांवरून ठरले.

पिल्ले डालग्यातून घरी आणली ती थेट जुन्या गोठ्यात ठेवली. हा गोठा खुराड्यापासून चाळीस पावलांवर, घराच्या दुसऱ्या अंगाला आहे. दिसायला धडधाकट असलेला पक्षीसुद्धा रोग घेऊन येऊ शकतो, म्हणून नव्या पक्ष्यांना किमान तीन-चार आठवडे वेगळे ठेवावे असे आमच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातील डॉक्टरांनी बजावले होते. २००६ साली नवापूरला बर्ड फ्लू आला तेव्हा त्या परिसरातील कोंबड्यांची जी वाताहत झाली ती महाराष्ट्रातील पक्षीपालक विसरलेले नाहीत. आपला कळप सातच पक्ष्यांचा असला तरी काळजी कमी करून चालत नाही. विलगीकरणात आम्ही एक नियम कसोशीने पाळला. सकाळी आधी जुन्या कोंबड्यांचे दाणापाणी करायचे आणि नव्या पिल्लांकडे शेवटी जायचे. गोठ्यासाठी वेगळी चप्पल, वेगळी बादली आणि वेगळा झाडू ठेवला. जमिनीवर चार बोटे जाडीचे भाताचे तूस पसरले. आमच्याकडे घनसाळ भात होतो, त्यामुळे तूस विकत घ्यावे लागले नाही.

तूस कोरडे ठेवणे किती महत्त्वाचे आहे ते सहाव्याच दिवशी कळले. १७ सप्टेंबरच्या रात्री पावसाची झड आत आली आणि एका कोपऱ्यातील तूस भिजले. सकाळी शाळेच्या घाईत ते तसेच राहिले. त्याच सकाळी, म्हणजे १८ तारखेला, एक पिल्लू पिसे फुलवून, मान आत ओढून कोपऱ्यात उभे होते आणि त्याच्या विष्ठेत रक्त दिसत होते. दुपारपर्यंत ते गेले. विष्ठेचा नमुना घेऊन दवाखान्यात गेले, तेव्हा ही रक्ती हगवण असल्याचे निदान झाले. ओलावा एका रात्रीचा असला तरी हा रोग काही दिवस आतल्या आत वाढत असतो, त्यामुळे लागण बहुधा आधीची असावी आणि ओल्या तुसाने ती पसरायला मदत झाली असती, असे डॉक्टरांनी समजावले. पाण्यातून द्यायचे अँप्रोलियम हे औषध पाच दिवस दिले, सगळे तूस काढून जाळले आणि नवे पसरले. उरलेली अकरा पिल्ले वाचली. ते पिल्लू परसाच्या कडेला खोल पुरताना फार वाईट वाटले. जुन्या कोंबड्यांपासून पिल्ले वेगळी होती याचा त्या दिवशी मोठा आधार वाटला.

यानंतर लसींचा भाग आला आणि वेळ व खटपट सर्वाधिक इथेच लागली. कोंबड्यांच्या देवीची लस सहा ते आठ आठवड्यांच्या दरम्यान पंखाच्या पातळ पडद्यात टोचतात. ती २८ सप्टेंबरला दिली. टोचल्या जागी आठ-दहा दिवसांत बारीक गाठ किंवा खपली आली तरच लस लागू पडली असे समजायचे. ७ ऑक्टोबरला एकेक पिल्लू उजेडात धरून पाहिले, तेव्हा अकराही जणांना खपली दिसली. मानमोडीची मोठी लस, जिला आर-टू-बी म्हणतात, ती आठ आठवड्यांनंतर द्यायची असते. तिची कुपी शंभर मात्रांची येते आणि आमच्याकडे पक्षी होते अकरा. "ताई, कुपी फोडली की दोन तासांत संपवायची. उरलेली फ्रीजमध्ये ठेवून उद्या टोचली तर ते पाणी टोचल्यासारखंच आहे," असे डॉक्टर म्हणाले. म्हणून वाडीतील चार घरांशी बोलून दिवस ठरवला. १३ ऑक्टोबरला, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी सात वाजता बर्फ भरलेल्या थर्मासमधून लस आणली. चार घरांच्या मिळून त्रेसष्ट पक्ष्यांना दीड तासात टोचून झाली आणि प्रत्येक घराला पन्नास रुपयांहून कमी खर्च आला. परसात दहा-बारा कोंबड्या पाळणाऱ्या प्रत्येकाने अशी शेजाऱ्यांची मोट बांधावी, कारण एकट्याने कुपी आणायची म्हटली की बहुतेक जण लसच टाळतात आणि मानमोडी आली की सगळी वाडी रिकामी होते.

तोपर्यंत पिल्लांतील नर ओळखू येऊ लागले होते. तिघांचे तुरे लाल आणि उंच झाले होते. आमचा जुना कोंबडा कळपाला पुरेसा होता आणि नव्या नरांना त्याच्यासमोर आणणे म्हणजे रोजची झुंज, म्हणून ते तिघे वाडीतच दिले. उरल्या आठ तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या माद्या. प्रत्येकीच्या पायात वेगळ्या रंगाचा लोकरीचा धागा सैल बांधला. त्यामुळे कोण मार खाते, कोण कमी खाते हे नोंदवता आले. धागा मात्र दर पंधरा दिवसांनी सोडून पुन्हा बांधावा लागतो, नाहीतर पाय जाड होताना तो मांसात रुततो.

पुढे मी जी चूक केली ती सविस्तर सांगते, कारण या सगळ्या लेखनाचे कारण तीच आहे. ऑक्टोबरच्या शेवटी भाताची कापणी चालू होती आणि पोती ठेवायला गोठा हवा होता. विलगीकरणाचे सहा आठवडे झाले होते, लसी झाल्या होत्या, तलंगा निरोगी दिसत होत्या. शेजारच्या आक्का म्हणाल्या, "घाई करू नगंस, पोरी. आधी जाळीतनं बघू देत एकमेकींस्नी." आक्कांनी आयुष्यभर कोंबड्या सांभाळल्या आहेत. तरीही २७ ऑक्टोबरला, रविवारी सकाळी, मी आठही तलंगा परसात जुन्यांच्या मध्ये सोडल्या. त्या वेळी त्या साडेदहा आठवड्यांच्या होत्या आणि जुन्या कोंबड्यांच्या निम्म्याहून थोड्या मोठ्या होत्या.

पहिली पाच मिनिटे शांततेत गेली. मग आमची तांबडी, जी या कळपात सर्वांत वरचढ आहे, मान ताणून आणि गळ्याची पिसे फुलवून पुढे आली आणि पिवळ्या धाग्याच्या तलंगेच्या डोक्यावर तिने चोच मारली. तलंग पळाली असती तर कदाचित तेवढ्यावर निभावले असते. पण ती न्हाणीच्या भिंतीच्या कोपऱ्यात अडकली, तिला बाहेर पडायला वाट नव्हती आणि तिने डोके खाली घालून बसकण मारली. तांबडीच्या पाठोपाठ कवडी आली, मग काळी आली. मी धावत जाऊन तिला उचलले तोवर तुऱ्यामागची रुपयाएवढी कातडी सुटली होती आणि मान रक्ताने माखली होती. हातात धरल्यावर तिचे काळीज इतके जोरात उडत होते की माझी बोटे हलत होती.

रक्ताचा लाल रंग दिसला की बाकीच्या कोंबड्याही त्याच जागी टोचू लागतात, अगदी तिच्या बरोबरीच्या तलंगासुद्धा. म्हणून जखमी पक्ष्याला लगेच दूर करणे हे पहिले काम. कोमट पाण्याने जखम धुतली, पातळ केलेले पोव्हिडोन आयोडीन लावले आणि सुटलेली कातडी बसवून वरून डॉक्टरांनी दिलेले मलम लावले. तिला एका मोठ्या टोपलीखाली ठेवले, पण बाकीच्या तलंगांच्या शेजारीच, कारण पूर्ण एकटी पडली असती तर परत येताना तीही नवखी ठरली असती. अकरा दिवसांत जखम भरली. बाकीच्या सात तलंगा त्याच दुपारी पुन्हा गोठ्यात नेल्या आणि पोती पडवीत ठेवली. हे आधीच सुचायला हवे होते.

त्या आठवड्यात या विषयावर बरेच वाचले. नॉर्वेच्या थोर्लीफ शेल्डरप-एब्बे यांनी लहानपणापासून कोंबड्या न्याहाळून त्यांच्यातील टोचण्याच्या क्रमाचे वर्णन १९२१ च्या सुमारास केले. कळपातील प्रत्येक कोंबडीला आपण कोणाला टोचू शकतो आणि कोणापुढे बाजूला व्हायचे हे ठाऊक असते आणि ते ठाऊक असते म्हणूनच रोज मारामारी होत नाही. नवा पक्षी आला की ही सगळी मांडणी पुन्हा करावी लागते. तांबडीचा दुष्टपणा होता असे मला तेव्हा वाटले होते. हे वाचल्यावर तिच्याविषयीचा राग गेला. टोचणी होणारच होती. ती रक्तापर्यंत पोचू नये एवढी व्यवस्था करणे माझे काम होते आणि त्यासाठी वेळ व पळायला जागा या दोनच गोष्टी लागतात.

२९ ऑक्टोबरला खुराड्याच्या पुढच्या अंगणात जाळीचा कप्पा बांधला. आठ फूट लांब, पाच फूट रुंद, चार फूट उंच, वरूनही जाळीने झाकलेला. अर्ध्या इंचाच्या भोकांची जाळी घेतली. मोठ्या भोकांतून मुंगूस नव्हे तरी सापाचे पिल्लू आणि जुन्या कोंबड्यांची चोच आत येते. जाळी, वासे आणि खिळे मिळून १,६५० रुपये झाले आणि दोन दिवसांची मजुरी घरचीच. कप्प्याची एक बाजू जुन्या कोंबड्या जिथे दाणे टिपतात त्या जागेला लागून ठेवली. जाळीच्या दोन्ही अंगांना, समोरासमोर, खाद्याची पाटी ठेवली, म्हणजे दोघींनी एकाच वेळी, तोंडासमोर तोंड असताना खावे.

पहिले चार दिवस तांबडी जाळीपाशी येऊन चोच आपटत असे. पाचव्या दिवसापासून ती येऊन नुसती उभी राहू लागली आणि दुसरा आठवडा संपताना कप्प्याकडे पाठ करून धुळीत लोळली. धुळीत लोळणारी कोंबडी निर्धास्त असते, म्हणून ही नोंद वहीत मी लाल शाईने केली आहे. तरीही घाई केली नाही. तलंगांचे अंग जुन्या कोंबड्यांच्या जवळपास यावे म्हणून आणखी बारा दिवस थांबले.

याच काळात खाद्याचा प्रश्न सोडवावा लागला. अंड्यावरच्या कोंबड्यांच्या खाद्यात कॅल्शियम बरेच जास्त असते आणि वाढीच्या वयात ते पोटात गेले तर तलंगांच्या मूत्रपिंडांना इजा होते. एकत्र सोडल्यावर कोण कुठल्या पाटीत तोंड घालील हे आपल्या हातात राहत नाही. म्हणून सगळ्यांनाच ग्रोअर, म्हणजे वाढीच्या वयातील पक्ष्यांचे, खाद्य सुरू केले आणि शिंपल्यांचा चुरा वेगळ्या मडक्यात ठेवला. जिला कॅल्शियम हवे ती तो स्वतः टिपते. ग्रोअर खाद्याचे पंचवीस किलोचे पोते १,०५० रुपयांना पडले. या एका बदलामुळे दोन पाट्या राखण्याचा त्रास वाचला.

खुराड्यातही फेरफार केले. बसायची दांडी एकच होती आणि पंधरा पक्ष्यांना ती पुरणार नव्हती. प्रत्येकीला साधारण नऊ इंच जागा धरून दुसरी दांडी त्याच उंचीवर बसवली. वेगवेगळ्या उंचीच्या दांड्या असल्या की वरच्या जागेसाठी भांडण होते. परसात तीन ठिकाणी आडोसे केले. एक फळी भिंतीला तिरपी टेकवली, एक जुनी टोपली दोन्ही बाजूंनी फोडून आडवी ठेवली आणि जळणाच्या मोळ्या मध्ये वाट सोडून रचल्या. प्रत्येक आडोशाला दोन तोंडे असली पाहिजेत, कारण एकच तोंड असलेला आडोसा हा न्हाणीच्या भिंतीचा कोपराच होतो. खाद्याच्या पाट्या तीन केल्या आणि एकीवरून दुसरी दिसणार नाही अशा ठेवल्या. पाण्याची भांडीही तीन.

२४ नोव्हेंबरच्या रात्री साडेआठला, पूर्ण अंधार झाल्यावर, तलंगा एकेक करून उचलल्या आणि नव्या दांडीवर बसवल्या. अंधारात कोंबडीला नीट दिसत नाही आणि ती हालचाल करत नाही, म्हणून हे रात्री करतात. पिवळीला मुद्दाम मध्ये बसवले, दोन्ही बाजूंना तिच्या ओळखीच्या तलंगा. रात्री दोनदा उठून कानोसा घेतला. पहाटे सव्वासहाला, उजेड फुटण्याआधी, खुराड्याचे दार उघडले. हे फार महत्त्वाचे आहे, कारण रात्री शांत राहिलेल्या कोंबड्या उजेडात एकमेकींना पाहतात आणि बंद खुराड्यात पळायला जागा नसते. दोन दिवसांची रजा आधीच काढून ठेवली होती आणि तो सगळा दिवस मी पडवीत बसून होते.

टोचणी झाली, पण ती चोचीचा एक फटका, तलंगेचे पळणे आणि तिथेच संपणे, अशी. पाठलाग चार-पाच पावलांपलीकडे गेला नाही. कोंबड्याने दाणा सापडल्याची कुट-कुट हाक देऊन तलंगांनाही बोलावले आणि दुसऱ्या दिवशी तर तो तांबडी आणि तलंगांच्या मध्ये येऊन उभा राहिला. सगळेच कोंबडे असे वागत नाहीत, पण आमच्याकडे त्याची मोठी मदत झाली. तिसऱ्या दिवशी मात्र तांबडी खाद्याच्या तिन्ही पाट्यांवर फिरून तलंगांना हुसकू लागली आणि निळ्या धाग्याच्या तलंगेचे वजन हाताला हलके लागले. तेव्हा मी तलंगेला न काढता तांबडीला काढले. २७ नोव्हेंबर ते १ डिसेंबर अशी चार दिवस तिला कळपापासून लांब, गोठ्यात ठेवले. ती नसताना उरलेल्यांचा क्रम बसला आणि ती परतली तेव्हा तिलाच आपली जागा पुन्हा ठरवावी लागली. एक आठवड्याने ती पुन्हा सर्वांत वर होती, पण पाट्यांवरचा पहारा तिने सोडला होता.

या दिवसांत अंडी रोज तीन-चारवरून एकावर आली. दिवस लहान झाले होते आणि दोघी जुन्या कोंबड्यांची पिसेही गळत होती, त्यामुळे सगळा दोष मिसळण्याचा नाही, पण महिनाभर अंडी कमी मिळतील हे धरूनच चालावे. १९ डिसेंबरच्या रात्री विजेरी घेऊन मोजणी केली तेव्हा जुन्या दांडीवर तीन तलंगा होत्या आणि नव्या दांडीवर कवडी जाऊन बसली होती. त्या दिवसापासून वहीतील रोजची नोंद थांबवली.

२ फेब्रुवारी २०२५ ला जळणाच्या मोळ्यांमागे पहिले लहान अंडे सापडले. मार्चच्या सुरुवातीला कवडी खुडूक बसली. तिच्याखाली नऊ अंडी ठेवली आहेत. पिल्ले निघाली की तिलाच त्यांच्यासह आठ-दहा दिवस जाळीच्या कप्प्यात ठेवणार आहे. आईच्या पंखाखालची पिल्ले कळपात नेण्याची रीत आक्कांना चांगली ठाऊक आहे आणि या वेळी दिवस त्याच ठरवणार आहेत.